आमची वाटचाल : 80 डाल्टनचा फरक

2009 ला भोसरी एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेऊन आम्ही दोघांनी काम सुरू केलं, मी आणि माझा पार्टनर. काम एकच, औषध शोधणाऱ्या लॅबना लागणारी टार्गेट प्रोटीन, म्हणजे औषध ज्यांना जाऊन चिकटतं ती प्रोटीनं, बनवून द्यायची, कायनेज (दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम), टीबीच्या जंतूचं इनएचए हे एन्झाइम, जे मागतील ते. तेव्हा बऱ्याच लॅब हे बाहेरून मागवायच्या, मायक्रोग्रॅमच्या भावाने, आणि पार्सल कस्टममध्ये अडकून ड्राय आइस उडून गेला की सगळं पाण्यात. म्हणलं हे आपण इथेच का करू नये.

पहिली आक्टा, म्हणजे प्रोटीन शुद्ध करायची मशीन, बंद पडलेल्या एका कंपनीच्या सामानातून घेतली. पंपाचे सील आम्हीच बदलले, यूव्ही लॅम्प बदलला, ती मशीन अजून चालू आहे आणि नवीन मशीनपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. सोनिकेटर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पेशी फोडायचं यंत्र, मात्र नवाच घेतला होता. ट्यूब बर्फात गच्च बसवायची, 5 सेकंद चालू 10 सेकंद बंद, प्रोबचं टोक तळाला टेकू द्यायचं नाही आणि वरही येऊ द्यायचं नाही, कारण फेस आला की प्रोटीन गेलं समजा. आवाजावरून कळतं. आमचे मामा, जे पहिल्या दिवसापासून आहेत, ते बाहेर चहा पीत असले तरी तो चरचर आवाज बदलला की आत पळत येतात.

पार्टनरचं डोकं म्हणजे सोनं होतं. अ‍ॅबल कायनेज नुसतं ई कोलाय या बॅक्टेरियात टाकलं की सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गठ्ठ्यात जायचं, गोळीच्या गोळी. त्याने त्याच पेशीत सोबत फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम, बनवायला लावलं, तापमान 18 अंशांवर आणलं, आयपीटीजी (पेशीला प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) कमी केलं, आणि चार महिने रात्री जागून शेवटी प्रोटीन पकडणाऱ्या निकेल कॉलमवरून स्वच्छ पीक काढलं. शिवाय त्या फॉस्फटेजमुळे आमच्या अ‍ॅबलवर एकही फॉस्फेट शिल्लक राहायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण याच्यावरच आहे.

मधली वर्षं नुसती कामाची, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2016 ला एका मोठ्या कंपनीने आमच्याकडून अ‍ॅबल घेणं थांबवलं, कारण दुसरी एक फर्म बाहेरून माल आणून छोट्या व्हायलमध्ये भरून जवळजवळ निम्म्या भावात देत होती. ठीक आहे, धंदा आहे. पण त्या नव्या लॉटवर त्यांचा इमॅटिनिबचा आकडा, म्हणजे ते औषध किती कमी मात्रेत कायनेज थांबवतं तो, कितीतरी पट वाईट आला, आणि नव्या सप्लायरला विचारायचं सोडून त्यांनी काय ठरवलं तर आमचाच जुना माल खोटा होता! आता इमॅटिनिब म्हणजे 2001 ला मंजूर झालेलं सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं औषध, अ‍ॅबलच्याच बिघडलेल्या रूपावर, बीसीआर-एबीएलवर चालणारं, अ‍ॅबलचं काम करणाऱ्या लॅबमध्ये कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, बहुतेक तेच लावतात, त्याचाच आकडा चुकीचा म्हटल्यावर आमची अब्रूच गेली. 9 लाखांचं बिल अडकलं, आणखी तीन गिऱ्हाइकं गप्प बसली, दोन महिने पगार झाले नाहीत. मामांनी एक शब्द काढला नाही, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पार्टनरने त्याच वर्षी बाहेर नोकरी धरली. दिवाळीला फोन येतो त्याचा, पण तो डाग अजून आहे.

तेव्हा उभ्या राहिल्या त्या हैदराबादच्या मॅडम, मूळच्या नांदेडच्या. 2010 पासून वर्षातून दोनदा 2 मिलिग्रॅम, कधी भाव पाडला नाही की उधारी ठेवली नाही. फोनवर म्हणाल्या, "भाऊ, भांडत काय बसलात, दोन्ही लॉट पाठवा, मासवर टाकू की. आणि सोबत डासाटिनिब पण लावू."

मास म्हणजे प्रोटीनचं नेमकं वजन मोजणारी मशीन. आमच्या लॉटचं मास हिशोबाबरहुकूम एकाच पीकला आलं. दुसऱ्याच्या लॉटला एक पीक 80 डाल्टनने (डाल्टन म्हणजे अणू-रेणूंच्या वजनाचं माप) पुढे, एक 160 ने. एका फॉस्फेटचे 80. म्हणजे त्यांचा माल फॉस्फोरिलेटेड, कीटकपेशीत बनवलेला, आणि इमॅटिनिब धरतं ते कायनेजच्या बंद अवस्थेला, फॉस्फेट बसलं की लूप उघडतो आणि औषध नीट बसत नाही. डासाटिनिब हेही त्याच कॅन्सरचं औषध, पण त्याला अवस्थेचं तेवढं नसतं, त्यामुळे त्याचा आकडा दोन्ही लॉटवर जवळपास सारखा आला. जेलवर, जिथे प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी होतात, मात्र दोन्ही बँड अगदी सारखे सुंदर. 80 डाल्टन जेलवर दिसणार तरी कसे?

मी ते दोन्ही ग्राफ त्या कंपनीला पाठवले. माफी नाही, उत्तर नाही, 14 महिन्यांनी पैसे आले, तेही बिनव्याजी.

नवीन मुलं या धंद्यात येतायत म्हणून सांगतो. जेलचा फोटो पाठवून माल विकू नका, प्रत्येक लॉटचं मास लावा आणि शीटवर कोणत्या पेशीत बनवलं ते लिहा. व्हायल छोट्या भरा, पुन्हापुन्हा वितळवलेलं कायनेज म्हणजे नुसतं पाणी. अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स घ्या आणि उद्यम नोंदणी पहिल्या दिवशी करा, 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, मला ते उशिरा कळलं.

आता मॅडमचं काम केरासवर, म्हणजे कॅन्सरमध्ये बिघडणाऱ्या एका प्रोटीनवर चाललंय, त्यातही जी12सी या बदलावर. ज्याला वर्षानुवर्षं औषध लागूच पडत नाही म्हणायचे, त्याच्यावर 2021 ला सोटोरासिब मंजूर झालं. तिथेही तोच प्रश्न, सोटोरासिब धरतं ते जीडीपी हा रेणू बसलेल्या, म्हणजे बंद केरासला, जीटीपीवाल्या चालू केरासला नाही, म्हणून प्रत्येक लॉट आधी जीडीपीने भरून मगच देतो. परवा रात्री औषध लावून मासवर टाकलं, पीक बरोबर 560 डाल्टनने, म्हणजे एका सोटोरासिबच्या वजनाइतकं, पुढे सरकलेलं, सगळं प्रोटीन सरकलं, जुन्या जागी काहीच उरलं नव्हतं. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते म्हणून मामांनी बुधवारीच ड्राय आइस मागवून डबा बांधला, वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "मॅडम, केरास, जीडीपी", आणि संध्याकाळच्या कुरियरला दिला.