स्नेहसंमेलनातल्या विडंबनापासून तिकीटबारीपर्यंत : माझा अनुभव

हास्यगीतं आणि स्किट्स असा दोन तासांचा कार्यक्रम तिकीट लावून करायचा, तर नेमकं काय काय करावं लागतं, हे मला एका जागी कुठेच मिळालं नाही. हक्कांचं विचारावं तर नाटकवाले म्हणायचे, गाण्यातल्या माणसाला विचारा. गाण्यातली माणसं म्हणायची, संहितेचं आम्हाला काय ठाऊक? मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून लिहितो. कुणाचे दोन महिने वाचले तरी पुष्कळ.

मी मूळचा ऑर्केस्ट्रातला. दोन गाण्यांच्या मध्ये गायक पाणी पितात, वादक सूर लावून घेतात, त्या वेळात जो नकलाकार माईकवर येतो, तो मी. पेटी लहानपणापासून वाजवत होतो, त्यामुळे नकलांना गाण्यांची जोड आपोआप मिळाली. स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, अशा सुपाऱ्या येत होत्या. गाजलेल्या हिंदी-मराठी गाण्यांवर आपले शब्द बसवायचे, लोक पहिल्या ओळीलाच चाल ओळखतात आणि दुसऱ्या ओळीला हसतात. चांगलं चाललं होतं. पण लोक हसत होते ते मूळ गाण्याच्या पुण्याईवर. चाल दुसऱ्याची, ओळख दुसऱ्याची, माझे फक्त चार शब्द. स्वतःचा कार्यक्रम करायचा तर हे पुरणार नाही, हे पक्कं झालं.

मग ऐकायला बसलो. पु. लं.ची आठवण निघते ती लेखक म्हणून, पण माझ्या कामाच्या दृष्टीने ते आधी संगीतकार. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका एकाच माणसाने केली. पुढे ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये तुटक तुटक प्रसंग आणि गाणी एका माळेत ओवली, तेव्हा आतला पेटीवाला जागा होता म्हणूनच त्या कार्यक्रमाला लय आली. दादा कोंडक्यांचंही तसंच. ऐन उमेदीत ते बँडपथकात वाजवत होते. मग सेवादलाचं कलापथक, मग वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि १९७१ला ‘सोंगाड्या’. सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. दादांच्या गाण्यांवर बोलताना लोक द्व्यर्थी शब्दांपाशीच अडकतात, चालींबद्दल कुणी बोलत नाही, हे मला फार खटकतं. नुसत्या चावटपणावर इतकी वर्षं थिएटरं भरत नाहीत. राम कदमांच्या किंवा नंतर राम-लक्ष्मण यांच्या चालीतले शब्द काढून टाका आणि नुसती पेटीवर वाजवून बघा. गाणं तसंच उभं राहतं. हसवणारं गाणं आधी गाणं असावं लागतं, माझा सगळा कार्यक्रम पुढे या एका गोष्टीवर उभा राहिला.

आता हक्कांचा भाग. हा जरा रुक्ष आहे, पण टाळता येत नाही.

गाण्याच्या शब्दांवर गीतकाराचा आणि चालीवर संगीतकाराचा असे दोन वेगळे हक्क असतात. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात ‘म्युझिकल वर्क’ म्हणजे नुसतं संगीत, त्यात शब्द येत नाहीत. हे हक्क त्या गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतात. रंगमंचावर मूळ गाणं गायचं असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना घेता येतो, आयोजक तो घेतातही. पण शब्द बदलून तीच चाल वापरायची म्हणजे मूळ कृतीत फेरफार, त्याला मालकाची वेगळी संमती लागते. विडंबनाला आपल्या कायद्यात स्वतंत्र सूट लिहिलेली नाही. टीका किंवा समीक्षेसाठीचा रास्त वापर कलम ५२मध्ये आहे, पण तिकीट लावलेल्या कार्यक्रमातलं अख्खं गाणं त्यात बसेल या भरवशावर प्रयोग लावणं मला पटलं नाही. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवितांची विडंबनं केली, ती परंपरा मोठीच आहे. पण शैलीचं विडंबन वेगळं आणि दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणं वेगळं.

म्हणून ठरवलं, सिनेमाची एकही चाल नको. काही चाली स्वतः बांधायच्या आणि बाकीच्यांसाठी पारंपरिक बाज घ्यायचे. पोवाडा, ओवी, वासुदेव, भारूड, गोंधळ. ही कुणा एकाची मालमत्ता नाही. आणि गंमत म्हणजे इथेही प्रेक्षक पहिल्या ठेक्यालाच ओळखतो. डफावर थाप पडली की त्याच्या मनात गड आणि मावळे उभे राहतात. ती ओळख मला फुकट मिळाली.

संहितेची आणि स्वतःच्या चालींची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करून टाकली. नोंदणी सक्तीची नाही, निर्मिती झाली की हक्क तयार होतोच, पण पुढे वाद झाला तर कागद हाताशी असलेला बरा. संहितेसाठी एक अर्ज आणि चालींसाठी वेगळे अर्ज, प्रत्येकी ५०० रुपये फी. अर्ज भरला की डायरी नंबर मिळतो, मग कुणाची हरकत आहे का यासाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि त्यानंतर छाननी होते. चालींसोबत मी भातखंडे पद्धतीचं नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, जोडलं. ते लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की दोन चालींचे अंतरे जवळजवळ सारखेच आहेत. त्यातली एक चाल बदलली. पोवाड्याच्या चालीवर अर्थातच हक्क सांगता येत नाही, तिथे फक्त शब्द माझे.

तो पोवाडा कार्यक्रमाचा कणा आहे. विषय हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा. मधलं एक कडवं असं :

चौथ्या मजल्याचे काका उठले सभेत कडाडून,
म्हणाले, टाकी गळते अन् मिनिट्स ठेविले दडवून,
सेक्रेटरी शांतपणे बोलले चष्मा काढून –
“विषय घेऊ पुढल्या सभेत!” जी जी रं जी…

तालमीत चौथ्या ओळीवर हशा हमखास यायचा आणि मागची झील, म्हणजे साथीदारांचं ‘जी जी रं जी’, त्यात बुडून जायची. खरं तर झील हाच पुढचा विनोद होता. सेक्रेटरी काहीही बोलला तरी मागचे दोघं माना डोलावून ‘जी जी’ म्हणणार. ती झील ऐकूच गेली नाही तर त्या दोघांचं पात्रच मरतं. आधी वाटलं, त्या ओळीनंतर सगळं थांबवावं. थांबवून पाहिलं. हशा पूर्ण आला, पण ठेका थांबला की बघणाऱ्यांना वाटतं गाणं संपलं. ते टाळ्या वाजवतात, खुर्चीत सैलावतात आणि पुढचं कडवं पुन्हा शून्यातून उचलावं लागतं. मग ढोलकीवाल्याने सुचवलं की आपण ठेका सोडायचाच नाही. हात हलका करायचा, नुसता केरव्याचा साधा ठेका चालू ठेवायचा. किती आवर्तनं, हे ठरवायचं नाही, कारण हशा रोज वेगळा असतो. तो चढत असताना गप्प बसायचं, उतरायला लागला की मी भात्यावरचा हात उचलणार आणि ढोलकी पुढच्या समेवर झील घेऊन येणार. हा एक इशारा बसवायला आम्ही जितका वेळ दिला, तितका कुठल्याही चालीला दिला नाही. आणि तो बसला त्या दिवशी एकाच कडव्याला दोन हशे मिळाले, एक सेक्रेटरीला, दुसरा झीलकऱ्यांना.

याच तालमींत माझी पट्टीही उतरली. मी पेटीच्या काळी दोन पट्टीत गायचो, ऑर्केस्ट्रातली सवय. तिथे आवाज लागला की झालं. इथे एक व्यंजन हरवलं तरी विनोद हरवतो. त्याखालच्या काळी एकवर आलो, लयही थोडी खाली आणली आणि शब्द स्वच्छ पोहोचायला लागले. नवीन करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गाणं आधी अशा माणसाला ऐकवा ज्याने शब्द वाचलेले नाहीत. त्याला ओळ कळली नाही तर ती ओळ सुधारा, त्याला समजावत बसू नका.

स्किट्सचं थोडक्यात सांगतो. तमाशातली बतावणी डोळ्यांसमोर ठेवली. दोन माणसं, एक हुशारी दाखवणारा, दुसरा त्याचं प्रत्येक वाक्य उलट्या बाजूने घेणारा. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या आणि एक टेबल. प्रत्येक स्किटच्या शेवटच्या वाक्यातून पुढचं गाणं निघेल अशी रचना केली, म्हणजे मध्ये अंधार करावा लागत नाही.

संहिता पक्की झाल्यावरच ती महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी. बोलताना सगळे सेन्सॉरच म्हणतात. जाहीर प्रयोगाला हे प्रमाणपत्र लागतं आणि ते तुम्ही दिलेल्या संहितेला मिळतं, त्यामुळे अर्धवट मसुदा देण्यात अर्थ नाही. नाटकाची संहिता कशी लिहायची हे माहीत असतं, पण गाण्यांच्या कार्यक्रमाची कशी लिहायची? मी प्रत्येक गाण्याचे पूर्ण शब्द दिले, झील आणि पालुपदासकट. गाण्याच्या मध्ये होणारा अभिनय कंसात लिहिला. निवेदनही शब्दन् शब्द लिहिलं. प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या जागा होत्या, तिथे विषय काय असेल ते नमूद केलं. एका शब्दाबद्दल विचारणा झाली. मी संदर्भ सांगितला आणि शब्द बदलून दिला. बदललेला शब्द एका मात्रेने लहान होता आणि चालीत जास्त नेटका बसला, आजही तोच गातो. वाचणाऱ्याला तुमची चाल ऐकू येत नसते, त्याच्यासमोर नुसते शब्द असतात, हे लक्षात ठेवून संहिता लिहावी.

नाट्यगृहाची तारीख हे वेगळंच प्रकरण आहे. शनिवार-रविवार जुन्या संस्थांकडे असतात आणि नव्या माणसाने ते मागूही नयेत असं माझं मत झालंय. मला आठवड्यातल्या मधल्या वाराची संध्याकाळ मिळाली. थिएटर निम्मं भरलं होतं. पण मधल्या वारी मुद्दाम तिकीट काढून येणारा माणूस ऐकायला आलेला असतो.

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त कामाला आला तो साऊंडवाला. नाटकाला वरचे माईक चालतात, गाण्याच्या कार्यक्रमाला मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, लागतात, आणि आमच्याकडे दोन्ही एकत्र. स्किट करताना मॉनिटर चालू राहिले तर शिट्टी वाजते. त्याने संहितेच्या प्रतीवर पानोपानी लाल पेनाने खुणा करून घेतल्या आणि स्वतः रंगीत तालमीला येऊन बसला. अशा माणसाला आधी शोधा, नेपथ्यवाल्याला नंतर.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला. नांदीऐवजी आम्ही तमाशासारखा गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, ठेवला होता आणि तो अगदी सरळ, एकही विनोद न करता म्हटला. बरेच जण नको म्हणत होते, हास्याच्या कार्यक्रमात पहिली चार मिनिटं कोरडी कशी ठेवायची, असं. मी हट्ट धरला. लोकांना आधी कळू दे की ही मंडळी सुरात गातात, मग ती बेसूर झाली तर मुद्दाम झाली हे त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या गाण्यात पेटीवर मी एक स्वर जाणूनबुजून चुकीचा लावतो आणि ढोलकीवाला ठेका न सोडता नुसती मान वळवून बघतो. गण नसता तर त्या जागेला कुणी हसलं नसतं. त्या संध्याकाळी मागच्या रांगेपर्यंत हसले.

प्रयोग सुरू झाल्यावर सुपाऱ्याही वाढल्या. त्यासाठी चाळीस मिनिटांचा वेगळा तुकडा बांधला आहे. मांडवात अंधार नसतो, लोक येत-जात असतात, मुलं स्टेजच्या कडेला बसलेली असतात. हशा एका लाटेत येत नाही, विखुरतो. तिथे बतावण्या कमी आणि ठेक्याची गाणी जास्त ठेवतो, आणि पोवाडा शेवटी. कमिटीची माणसं समोरच बसलेली असतात, त्यामुळे सेक्रेटरीच्या कडव्याला मला काहीच करावं लागत नाही. सगळे वळून त्यांच्याकडेच बघतात.

सध्या दुसऱ्या कार्यक्रमाचं लेखन चालू आहे. या वेळी सगळा बाज भारुडाचा घेतोय. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात गाणं, सोंग आणि विनोद एकत्र केला. विंचू चावलेला माणूस, संसाराला विटलेली बाई, वासुदेव, जोशी, प्रत्येकाचं सोंग वेगळं आणि बोलायची तऱ्हा वेगळी. स्किट कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं, हे त्यात शोधूनही सापडत नाही. पहिल्या कार्यक्रमात मला जे सांधे जुळवावे लागले, ते या प्रकारात मुळातच नाहीत. अडचण एकच आहे. भारुडात शेवटी अध्यात्माकडे वळण येतं, आणि तिथे हसणारं थिएटर शांत व्हायला हवं. ते वळण ठेक्यातून आणायचं की सुरातून, यावर आमच्यात अजून एकमत नाही. ढोलकीवाला म्हणतो ठेका थांबवू. मी म्हणतो, चालूच राहू दे. पुढच्या तालमीला दोन्ही करून बघणार आहोत, मगच संहिता मंडळाकडे जाईल.