कानापाशी दोन मायक्रोफोन: फुलबाजार, लोकलचा डबा आणि कान्हेरीचे चैत्यगृह

या हंगामातील बाइनॉरल, म्हणजे दोन कानांना ऐकू येते तसे टिपणाऱ्या, ध्वनिमुद्रणासाठी मी शांत जागा मुद्दाम टाळल्या. कानाच्या छिद्रापाशी बसवलेले दोन लहान इलेक्ट्रेट मायक्रोफोन आणि खिशात मावणारा रेकॉर्डर एवढ्या साहित्यावर दादरचा फुलबाजार, पश्चिम रेल्वेचा महिलांचा डबा आणि कान्हेरीचे चैत्यगृह येथे काम केले. एखाद्या ठिकाणी आपल्याला किती उमगते हे तिथल्या डेसिबलपेक्षा तो आवाज काळात आणि दिशांमध्ये कसा पसरलेला आहे यावर अधिक अवलंबून असते, असे मला बरेच दिवस वाटत होते. हाती आलेली मुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ते आता पुष्कळ ठामपणे म्हणता येते.

सर्वांत बोलकी चाचणी फुलबाजारातल्या मुद्रणावर झाली. पहाटेचा तो गजबजाट हेडफोनवर दोन्ही वाहिन्या वेगळ्या ठेवून ऐकला, की डावीकडचा झेंडूवाला, उजवीकडे घासाघीस करणारी बाई आणि ‘बाजू, बाजू’ करत येणारा हमाल आपापल्या जागी उभे राहतात आणि आपल्याला हवे त्याच्या मागे जाता येते. त्याच मुद्रणाच्या दोन्ही वाहिन्या मिसळून मोनो केले, तर झेंडूचा भावही धड कळत नाही. मिसळताना काही वारंवारता एकमेकींना रद्द करतात, त्यामुळे दोष मिसळण्याचाच असेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून फक्त डाव्या कानाची वाहिनी जशीच्या तशी दोन्ही बाजूंना देऊनही ऐकले. झेंडूवाला डावीकडेच उभा असल्याने त्याचा आवाज या वाहिनीत पुरेसा स्पष्ट उतरलेला होता, तरीही तो गर्दीत बुडाला.

याचे कारण दोन कानांच्या तुलनेत आहे. एका बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि मस्तिष्कस्तंभातील चेतापेशी दोन्हीकडच्या संदेशांची वेळ इतक्या बारकाईने ताडून पाहतात, की अनुकूल स्थितीत माणसाला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही जाणवतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडल्याप्रमाणे खालच्या वारंवारतांसाठी वेळेतला हा फरक कामी येतो, तर वरच्या वारंवारतांसाठी डोक्याच्या आडोशामुळे पडणारा पातळीतला फरक. अर्थात दिशा कळणे ही केवळ पहिली पायरी आहे. त्यानंतर अवधानाचे काम सुरू होते. कोलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून एकच म्हणून दाखवायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या कानातला पुरुषाचा आवाज बदलून स्त्रीचा झाला तर ते लोकांच्या लक्षात येई, पण त्या कानात कोणत्या भाषेत बोलले जात होते हे त्यांना खात्रीने सांगता येत नसे. पुढे २०१२ मध्ये नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या विद्युदग्रांच्या नोंदींवरून दाखवून दिले, की दोन माणसे एकाच वेळी बोलत असताना श्रवणबाह्यकात, म्हणजे आवाजाचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, प्रामुख्याने लक्ष दिलेल्या माणसाच्या बोलण्याचे रूप उमटते. मायक्रोफोन दोघांनाही सारखेच टिपतो, आणि आपण ध्वनिमुद्रक हे फार सहज विसरतो.

लोकलच्या डब्यातला गोंगाट अगदी निराळ्या स्वभावाचा आहे. पंख्यांची घरघर एकसारखी असते, चाकांचा खडखडाट वेगाबरोबर चढतो-उतरतो आणि गाडी फलाटाला लागताना सगळेच क्षणभर विरळ होते. अशा चढउतारांच्या सांध्यांतून मेंदू बोलण्याचे तुकडे उचलतो. एकच बाई शेजारी बोलत असेल तर तिच्या बोलण्यात सांधे सापडतात, दहाजणी बोलू लागल्या की ते बुजून जातात. शेजारचे बोलणे आपल्याला कळणाऱ्या भाषेतले असेल, तर ते न कळणाऱ्या भाषेपेक्षा अधिक आड येते, असे प्रयोगांतही आढळले आहे. कानातली आणि क्लिपा विकणाऱ्या बाईचा आवाज मात्र सगळ्यांवर मात करतो. गोंगाटात माणूस नकळत नुसता मोठ्याने बोलत नाही. त्याची पट्टी चढते आणि आवाजातली ऊर्जाही वरच्या वारंवारतांकडे सरकते. एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवलेला हा परिणाम विरार गाडीच्या मुद्रणाच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या चित्रात, स्वच्छ दिसतो.

त्याच मुद्रणातली ‘पुढील स्टेशन, अंधेरी’ ही उद्घोषणा घेऊन मी ‘अंधेरी’मधला ‘ध’ कापला. त्या जागी शांतता ठेवली तेव्हा ऐकणाऱ्या मैत्रिणींना शब्द तुटल्याचे लगेच कळले. पण त्याच डब्यातला तेवढ्याच लांबीचा खडखडाट तिथे बसवला, तर शब्द अखंड ऐकू आला आणि खडखडाट नेमका कुठे होता हेही त्यांना सांगता आले नाही. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका इंग्रजी शब्दातला ध्वनी काढून तिथे खोकला भरला होता, तेव्हाही असेच घडले होते. मेंदू रिकाम्या जागेवर काही रचत नाही. आवाज झाकला गेला असावा असे मानायला जागा असेल तरच तो भर घालतो. मुद्रणातला गोंगाट सॉफ्टवेअरने सरसकट पुसू नये असे मला वाटते, त्यामागे हेही कारण आहे.

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात प्रश्न परावर्तनाचा होता. बेसॉल्टमध्ये कोरलेल्या त्या चैत्यगृहात, पर्यटक नसताना, स्तूपापाशी एक टाळी वाजवून घेतली. सरळ ऐकताना टाळी आणि तिच्यामागे थोडासा घुमारा एवढेच जाणवते. तीच फाइल उलटी वाजवली, की घुमारा लांबवरून फुगत येतो आणि शेवटी टाळीवर आदळतो, तेव्हा तो मुळात किती लांब होता हे पहिल्यांदा ध्यानात येते. सरळ क्रमात आधी पोहोचलेला आवाज दिशा ठरवतो आणि मागून आलेली परावर्तने त्याच्यात विलीन होतात. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले, की बोलण्याच्या बाबतीत सुमारे ५ ते ३० मिलिसेकंद उशिराचे परावर्तन मूळ आवाजापेक्षा १० डेसिबलपर्यंत मोठे असले तरी वेगळे ऐकू येत नाही. ३० मिलिसेकंद म्हणजे ध्वनीचा साधारण १० मीटरचा जादा प्रवास. त्यामुळे जवळच्या भिंती बोलण्याला पोषक ठरतात आणि दूरची टोके ते विसविशीत करतात. चैत्यगृहात मायक्रोफोन आता मी खांबांच्या रांगेपाशीच नेते.

आणखी एक लहान नोंद: माझ्या कानांवर केलेली मुद्रणे इतरांना पुढचे-मागचे उलटे भासतात, कारण कानाच्या पाळीच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि मेंदू आपल्याच वळ्यांना सरावलेला असतो. फुलबाजारातला हमाल मला मागून येताना ऐकू येतो, एका मैत्रिणीला समोरून.

पुढचे काम गणेशोत्सवात, गिरगावातल्या एका चाळीच्या गॅलरीत आहे. एकाच क्षणी सुरू होणारे आवाज मेंदू एकत्र बांधतो. त्यामुळे आरतीत टाळ्या, झांजा आणि पन्नासेक गळे मिळून एकच आवाज होतो आणि अर्धी मात्रा मागे पडलेला गळा ताबडतोब निराळा ऐकू येतो. तो निराळेपणा दोन वाहिन्यांत आणि मोनोत सारखाच टिकतो का, हे मला पाहायचे आहे. टिकला, तर तिथे दिशेपेक्षा वेळेचा वाटा मोठा आहे असे म्हणता येईल. झांजांची शिखरे कापली जाऊ नयेत म्हणून रेकॉर्डरची सरासरी पातळी उणे २० डेसिबलच्या, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खाली, आसपास ठेवणार आहे.