खजुरी बाजारातला वेताळ

इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा अंक हाती लागला, की मी मुखपृष्ठाआधी मधले पान उघडतो; कारण पिना गंजून जोडपाने निखळलेली असतील, तर वेताळाचा (म्हणजे फँटम या चित्रकथा-नायकाचा) तो अंक कितीही जुना असला तरी त्याची किंमत साफ उतरते. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या या मालिकेचा कागद कडांपासून पिवळा पडून तुटू लागतो, म्हणून अंक कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावे लागतात. (घरी काकू त्यांना सरळ रद्दी म्हणतात.) फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कदापि लावू नये, तिचा डाग जात नाही. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली मुखपृष्ठे असलेल्या अंकांसाठी मी फारशी घासाघीस करत नाही.