बेस कोण वाजवतंय?

परवा रात्री झोप येईना म्हणून हेडफोन लावून पडलो होतो, 'जस्ट द टू ऑफ अस' लागलं आणि पुन्हा तेच झालं. बिल विदर्स एवढा जीव ओतून गातोय आणि माझे कान मात्र खाली बेस गिटारच्या जाड, खालच्या सुरांपाशी जाऊन बसलेले. हे गाणं सॅक्सोफोनवाल्या ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या १९८० च्या 'वाइनलाइट' अल्बममधलं, आणि कितीतरी वर्षं मला बेसवाल्याचं नावच माहीत नव्हतं. तसंच गायक लूथर वँड्रॉसच्या 'नेव्हर टू मच'चं, तसंच जाझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या 'टुटू'चं. मला वाटायचं आपले तीन आवडते बेसिस्ट आहेत, मग एकदा निवांत बसून अल्बमवरची बारीक अक्षरातली नावं वाचली तर तिन्ही ठिकाणी एकच माणूस. मार्कस मिलर!

जन्म १९५९, ब्रुकलिन, वाढला क्वीन्समध्ये. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि माइल्सचा पियानिस्ट विंटन केली नात्यातला, म्हणजे जाझ घरातच होतं. पण पोरगा शिकत होता क्लॅरिनेट, तेही रीतसर क्लासिकल, आणि बाहेर फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, जोरात म्हणून तेराव्या वर्षाच्या आसपास हातात बेस. विशीत पोचेपर्यंत न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये हा सतत बिझी, आज जाझ, उद्या सोल, परवा जाहिरातीची जिंगल, समोर कागद ठेवला की वाजवून मोकळा. मला वाटतं त्याचं खरं शिक्षण इथंच झालं, कारण दुसऱ्याच्या गाण्यात आपण किती दिसायचं आणि किती नाही हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

मग माइल्स. १९७५ पासून पाचेक वर्षं ट्रम्पेट बाजूला ठेवून बसलेला माणूस परत आला तेव्हा त्याच्या बँडमध्ये एकविशीतला मार्कस होता. 'द मॅन विथ द हॉर्न', 'वी वाँट माइल्स' वगैरे झालं, आणि पुढे याने बँड सोडला, प्रोड्युसिंगमध्ये शिरायचं म्हणून. माइल्सचा बँड कोण सोडतं हो? पण सोडला, आणि १९८६ मध्ये परत गेला तो थेट अख्खा अल्बम घेऊन.

'टुटू'. बहुतेक रचना याच्या, आणि बेस, सिंथेसायझर, ड्रम मशीनचं प्रोग्रॅमिंग, बेस क्लॅरिनेट (खालच्या सुरांचं मोठं क्लॅरिनेट) असं बरंचसं यानेच वाजवलेलं, वर माइल्सची ट्रम्पेट. नाव वर्णभेदाविरुद्ध लढणारे धर्मगुरू डेस्मंड टुटू यांच्यावरून, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालूच होता. जाझवाले पुष्कळ नाराज झाले, मशीनवर कसलं जाझ म्हणून, आणि खरं सांगू तर ड्रमचा तो आवाज आज थोडा जुनाट वाटतोच. पण पहिलंच गाणं नीट ऐका, सगळा भरणा चाललाय आणि ट्रम्पेट येते तिथे बरोब्बर जागा मोकळी, माइल्स दोन सूर वाजवून थांबतो आणि ते थांबणंसुद्धा ऐकू येतं. ती जागा सोडणारा माणूस तेव्हा २६-२७ वर्षांचा होता. मला त्या वयात मधे न बोलता गप्प बसणं जमत नव्हतं.

मार्कसचा बेस म्हणजे फेंडर कंपनीचा १९७७ चा 'जाझ बेस', गिटार बनवणाऱ्या रॉजर सॅडोव्स्कीने आत सर्किट बसवून दिलेला. मी स्वतः स्लॅप शिकायचा प्रयत्न केलाय, अंगठ्याने तार बेसच्या मानेच्या टोकाशी ठोकायची की ती फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटून 'टण्ण' वाजते, लगेच तर्जनीने दुसरी तार खालून ओढून सोडायची. पंधरा मिनिटांत माझ्या अंगठ्याला फोड, आणि आवाज डबा पडल्यासारखा. याचं ऐकलं की प्रत्येक ठोक्याला सूर असतो, नुसती टणटण नसते. (लाइव्हमध्ये कधीकधी स्लॅप सोलो फारच लांबवतो, तेवढं मी पुढे ढकलतो. माफी.)

आणि हाच माणूस १९८८ मध्ये दिग्दर्शक स्पाइक लीच्या 'स्कूल डेझ' या सिनेमासाठी 'डा बट' लिहितो, म्हणजे पार्टीत नाचायचं गाणं! लूथरबरोबर लिहिलेल्या 'पॉवर ऑफ लव्ह'ला ग्रॅमी, मग २००१ च्या स्वतःच्या 'एम स्क्वेअर्ड'लाही ग्रॅमी. त्या अल्बममध्ये जाझचे कोल्ट्रेन, मिंगस आणि टॉकिंग हेड्स हा रॉक बँड, असं तिघांचं संगीत एकाच ताटात वाढलंय आणि कुठेच खटकत नाही.

त्या रात्री शेवटी 'गोरे' लावलं, २०१२ च्या 'रेनेसान्स'मधलं. सेनेगलच्या किनाऱ्याजवळचं गोरे बेट, गुलामांच्या व्यापाराशी जोडलेलं, तिथलं गुलामांना कोंडायचं घर बघून आल्यावर केलेली रचना. पुढच्याच वर्षी युनेस्कोने त्याला शांततेसाठीचा कलाकार म्हणून नेमलं, काम गुलामांच्या त्या वाटांचा इतिहास लोकांपर्यंत नेण्याचं. 'गोरे'मध्ये तो सुरावट बेसवर वाजवत नाही, बेस क्लॅरिनेट घेतो. एवढा जाड, लाकडी आवाज आणि फुंकर मारायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा हेडफोनमध्ये ऐकू येतो. दोनदा ऐकलं, झोप गेली ती गेलीच.