नकाशाचा नक्षा

घरी यायच्या एका पाहुण्यांना मी एकदा कागदावर नकाशा काढून दिला होता, स्टेशनपासून आमच्या दारापर्यंत. दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तास लागला. घामाघूम होऊन टेकल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “हे तुमचं घर आहे की किल्ला?” पाहतो तर घर स्टेशनाहून मोठं, आमची गल्ली हमरस्त्यापेक्षा रुंद. शेजारची सहा मजली इमारत गायब. तिथल्या मंडळींशी तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. शिवाय सगळं बाल्कनीतून दिसतं तसं काढलेलं, त्यामुळे दक्षिण वर.

नकाशा, नक्षी आणि ‘त्याचा नक्षा उतरवला’मधला नक्षा ही एकाच अरबी मुळाची भावंडं. माझ्या कागदात तिसरं भावंड जरा जास्तच उतरलं होतं. तेव्हापासून कुठलाही नकाशा दिसला की मी आधी त्यात नक्षा शोधतो.

१४०२ साली कोरियात तयार झालेल्या जगाच्या नकाशात मधोमध अवाढव्य चीन आहे. त्या काळच्या कोरियाला ते भागच होतं. पण खुद्द कोरिया त्यात जवळजवळ आफ्रिकेच्या बरोबरीला आणून बसवलाय, आणि जपान बिचारा अंग चोरून उभा. मोठ्याचा मान राखायचा, आपला वाढवायचा आणि शेजाऱ्याला त्याची जागा दाखवायची, तिन्ही कामं एका फटक्यात.

दक्षिण वर काढणाराही मी एकटा नव्हे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल-इद्रिसीने ११५४ मध्ये पुरा केलेला नकाशा तसाच आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती नकाशांत बहुतेकदा पूर्व वर असे, कारण स्वर्गोद्यान तिकडे. उत्तर वर असणं ही नुसती रूढी. पृथ्वीला कुठलं आलंय डोकं आणि पाय? तरी वरचे देश वरचढ वाटतातच.

भिंतीवरच्या ओळखीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळपास चौदा पट आहे. पण त्यासाठी मर्केटरला झोडपणं मला पटत नाही. त्याने १५६९ मध्ये तो नकाशा काढला खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून निघालेल्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो, आणि तेवढ्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावाच लागतो. जहाजावरचं साधन वर्गात टांगलं गेलं. त्यात युरोप फुगलेला दिसतो, याची टांगणाऱ्यांना काही अडचण नव्हती.

कोरी जागा मात्र नकाशावाल्यांना सोसत नाही. जेम्स रेनेल कसलेला माणूस, बंगालची मोजणी करणारा. १७९८ मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेत कोंग नावाची लांबच लांब पर्वतरांग काढली. पुढच्यांनी ती उचलली, आणखी लांबवली. सुमारे नव्वद वर्षांनी बिंगर नावाचा फ्रेंच अधिकारी तिथे जाऊन पोचला. पर्वतरांग नव्हतीच!

फ्रेंचांची तऱ्हा आणखी वेगळी. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखावृत्त ग्रीनिचवरून न्यायचं ठरलं, तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला. १९११ मध्ये ग्रीनिचची वेळ घेणं भाग पडलं, तर कायद्यात लिहिलं, ‘पॅरिसची वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे’. ग्रीनिचचं नाव काही काढलं नाही. मला आमच्या शेजारची इमारत आठवली.

हसू थांबतं ते रॅडक्लिफपाशी. हा इंग्रज वकील जुलै १९४७ पूर्वी कधी भारतात आलेला नव्हता. पाच आठवड्यांत त्याला पंजाब आणि बंगाल विभागायचे होते. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. मधल्या काळात मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. तो उतरवून दुसरा चढवताना तिथल्या माणसांना काय वाटलं असेल, ते कुठल्याच नकाशात येत नाही. रॅडक्लिफ परत गेला आणि पुन्हा इकडे फिरकला नाही.

आता नकाशा फोनमध्ये असतो. त्यातली एखादी वादग्रस्त सीमा एका देशातून पाहिली तर सलग दिसते, दुसऱ्या देशातून तुटक. आणि मधोमध निळा ठिपका, म्हणजे मी. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बॅबिलोनियात कुणीतरी मातीच्या पाटीवर जग कोरलं; भोवती पाण्याचं कडं आणि आत सगळ्यांत ठसठशीत बॅबिलोन. तो मान आता घरबसल्या ज्याला त्याला. परवा मोठ्या ऐटीत मी आमची गल्ली मोठी करून पाहिली. शेजारची इमारत तिथे होती, नावानिशी, फोटोसकट. आमच्या घराच्या जागी बिननावाचा करडा चौकोन.