आमची वाटचाल : 697 ते 5.9

आमच्या दुकानाला पाटी लागली ती फार उशिरा. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी 'ग्राइंडिंगवाले आबा कुठं बसतात' असं विचारलं, की चहावाला हात करायचा. आबा म्हणजे माझे वडील. जुनं क्रँक ग्राइंडिंग मशीन (इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, घासून मापात आणणारं), एक बोअरिंग बार (सिलिंडर आतून कोरणारा) आणि भाड्याचा पत्र्याचा गाळा, एवढ्यावर त्यांनी ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा धंदा मांडला. दुसऱ्या गावात याला धाडस म्हटलं असतं. इथं डाव्या हाताला फाउंड्री, उजव्या हाताला लेथ, आणि नडलं तर मायक्रोमीटरसुद्धा शेजाऱ्याकडून उसना मिळायचा.

त्या काळी ट्रक म्हणजे टाटा आणि इंजिन म्हणजे 697. मापच नावात होतं: सिलिंडर सहा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 97 मिलिमीटर. त्याच्या आधीचं 692 म्हणजे 92 बोअरचं. 697 चा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) 128, सगळे मिळून 5,675 सीसी. मर्सिडीजच्या ओएम 352 या इंजिनाचं माप नेमकं हेच. टाटा आणि डायम्लर-बेंझ यांचा करार 1954 चा, तो 1969 साली संपला. जर्मन माप मात्र आमच्या गाळ्यात पुढं कित्येक वर्षं नांदलं. आम्ही बांधायचो त्या इंजिनांना टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसायचा. घाटात ओढताना जीव जायचा, पण चूक पोटात घालणारं इंजिन. आबा हेड (सिलिंडरवरचं झाकण) आवळायचे ते लांब पान्यानं, अंदाजानं. 'हाताला कळतंय,' म्हणायचे. आणि खरंच कळायचं, 697 चं तरी.

मग 1613 आल्या. ट्रकवाल्याला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. गाडीचं भरल्या मालासकट वजन 16 टन आणि ताकद 130 हॉर्सपॉवर, म्हणून 1613. तसंच 2515 म्हणजे 25 टन आणि 150. या गाड्यांत कमिन्सचं बी सिरीजचं 5.9 लिटरचं इंजिन. टाटा-कमिन्स ही भागीदारी 1993 ची, कारखाना जमशेदपूरला. बोअर 102, स्ट्रोक 120, 5,883 सीसी. म्हणजे 697 पेक्षा जेमतेम 200 सीसी जास्त, पण जोडीला टर्बो. टायमिंगला ना पट्टा ना साखळी, सगळे गिअर. ऑइल कूलर ब्लॉकमध्येच बसवलेला. आणि आमच्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला लायनर (सिलिंडरमध्ये बसवायची, बदलता येणारी नळी) नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडातच फिरतो. 'लायनर नाय म्हंजे फेकायचं इंजिन,' असं तेव्हा गल्लीत सगळेच म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

पहिलं 5.9 आमच्याकडं आलं तेव्हा मी नुकताच गाळ्यावर बसायला लागलो होतो. हेड गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचं) काम. आबांनी नेहमीच्या पद्धतीनं हेड आवळलं. आठवड्याच्या आत ड्रायव्हरचा फोन, आंबा घाटातून. 'आबा, पाणी उडवायला लागलीया, पांढरा धूर मारतीया.' गाडी टोचन करून आणली. हेड काढलं तर गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे जळालेलं. काम आम्ही पदरचे पैसे घालून पुन्हा केलं. ते पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही, पण आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग पुण्याच्या एका ओळखीच्या फोरमनकडं गेलो. त्यानं कमिन्सचं मॅन्युअल उघडून समोर ठेवलं. हेडला 26 बोल्ट. आधी सगळे 90 न्यूटन-मीटरला, मग त्यातले लांब बोल्ट 120 ला, आणि शेवटी प्रत्येक बोल्ट पाव फेरा, म्हणजे बरोब्बर 90 अंश. हा पाव फेरा कशासाठी? बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला गेला पाहिजे, म्हणजे टर्बोचा दाब आला तरी हेड उचलत नाही. एकदा ताणलेला बोल्ट लांबतो, म्हणून पुन्हा वापरण्याआधी त्याची लांबी गेजवर मोजायची. जास्त भरली की भंगारात. हाताला यातलं काय कळणार?

परत येऊन पहिली खरेदी केली ती टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) आणि चांगल्या बोअर डायलची (बोअर मोजायचं साधन). तिसरी वस्तू एक लांब वही. इंजिन उघडलं की माप लिहायचं, बसवलं की पुन्हा लिहायचं, आणि ते का उघडावं लागलं हे शोधल्याशिवाय बिल करायचं नाही. आबा पहिल्यांदा हसले. नंतर तेच रीडिंग सांगायचे आणि मी लिहायचो.

या वह्यांनी आम्हाला जे शिकवलं त्यातलं बरंचसं गिऱ्हाइकाला पटत नाही. कॅटलॉगमध्ये ताकद, टॉर्क, लिटर सगळं असतं. इंजिन किती टिकणार, हे मात्र त्याला हवा, तेल आणि पाणी कसं मिळतं त्यावर ठरतं. सगळ्यात वाईट हवा. राधानगरीकडून बेळगावला बॉक्साइट वाहणाऱ्या गाड्या आमच्याकडं यायच्या. 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय, ऑइल खातंय' ही एकच तक्रार, म्हणजे दाब पिस्टनच्या खाली निसटतोय. बोअर डायल घातला की वरच्या रिंगेच्या जागी बिड खाल्लेलं, खाली जवळजवळ नव्यासारखं. मग आम्ही टर्बो खोलायचो. हवेच्या बाजूच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या की समजायचं, इंजिनानं धूळ गिळली. आणि शोधत गेलं की सापडायचा एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीचा एक ढिला क्लिप. एका क्लिपनं सहा पिस्टन खाल्ले. नाहीतर मग क्लीनरनं फिल्टर हवेच्या प्रेशरनं झाडून झाडून कागद फाडलेला असायचा.

उसाच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. कारखान्याच्या रांगेत गाडी तासन् तास चालू ठेवायची. किलोमीटर दिसत नाहीत, पण इंजिन चालूच. कमी उष्णतेवर डिझेल पुरतं जळत नाही, ते भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. 'फकस्त साठ हजार चालली की वो मालक!' असं म्हणत येणाऱ्याला आम्ही आता आधी विचारतो, रांगेत किती उभी होती?

कंपन्या टिकाऊपणाची भाषा बी-10 मध्ये बोलतात. म्हणजे शंभरातल्या दहा इंजिनांना मोठं काम निघेपर्यंत किती चाललं. चांगलं मोजमाप आहे. पण तुमचं इंजिन त्या दहात की नव्वदात, हे त्या ढिल्या क्लिपवर ठरतं. म्हणून आम्ही लाख-दोन लाख किलोमीटरची गॅरंटी छापत नाही. बसवताना घेतलेल्या रीडिंगची प्रत देतो, ती घेऊन महाराष्ट्रात कुठल्याही चांगल्या मिस्त्रीकडं जा, म्हणतो.

लायनर नसल्याबद्दलचं आमचं मतही वह्यांनीच बदललं. 5.9 ला 0.5 आणि 1.0 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात. म्हणजे दोन वेळा बोअर करता येतो, आणि त्यानंतरही ब्लॉकमध्ये स्लीव्ह (लायनरसारखी नळी) ठोकून पुन्हा मूळ मापावर आणता येतं. फेकायचं इंजिन म्हणणाऱ्यांनी आपले शब्द मागं घ्यावेत, आम्ही घेतले. तक्रार आहे ती वेगळी. मेन बेरिंगच्या जागी पिस्टनच्या पोटावर तेल मारणारे छोटे नोझल असतात. ब्लॉक धुताना ते साफ केले नाहीत तर नवं पिस्टन थोड्याच दिवसांत जाम होतं, आणि दोष बोअरिंगवाल्यावर येतो. एकदा बाजारातून आलेल्या बेरिंगनंही असंच फसवलं. खोका अस्सल, आतला माल नकली. त्या दुकानदाराचं नाव घेत नाही; बेरिंगची जाडी आम्ही तेव्हापासून बसवण्याआधी मोजतो, एवढंच.

2019 चा ऑगस्ट आम्ही विसरणार नाही. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागली. ज्यांनी गडबडीनं स्टार्टर मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले होते, कारण सिलिंडरमधलं पाणी हवेसारखं दबत नाही. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांचं काम पुष्कळ सोपं. ऑइल काढायचं, इंजेक्टर काढायचे, हातानं क्रँक फिरवून पाणी बाहेर काढायचं. मग प्रत्येक पिस्टन वर आणून डायल गेजनं उंची बघायची. एखादा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय. वाहून आलेल्या गाळाचा वास गाळ्यात दिवाळीपर्यंत होता.

त्याच्या आदल्या वर्षी, 2018 ला, सरकारनं ॲक्सल लोड (चाकांच्या दांड्यावर चालणारा वजनाचा कायदेशीर भार) वाढवला. दोन ॲक्सलची गाडी 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली. खरं सांगायचं तर गाड्या त्याआधीही तेवढा माल वाहत होत्या, फक्त आता पावती मिळायला लागली. क्रँकच्या बेरिंगना यातलं काही नवं नव्हतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (गाड्यांच्या धुराचा नवा नियम) आलं आणि आमच्यासारख्यांची परीक्षा सुरू झाली. डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं, धुरातल्या काजळीसाठी फिल्टर आला, विषारी वायूंसाठी युरिया, ऑइलही कमी राखेचं लागायला लागलं, कारण राख त्या फिल्टरमध्येच अडकते. लॅपटॉप लावल्याशिवाय बिघाड कळत नाही. आम्ही ठरवलं, की सेन्सर आणि इंजेक्टरच्या कोडिंगचं काम घ्यायचं नाही, ते ज्याला येतं त्याच्याकडं पाठवायचं. लोखंडाचं काम आमचं. 6.7 लिटरचं भावंड, 107 बोअर आणि 124 स्ट्रोकचं, त्याचेही ब्लॉक आता यायला लागलेत. त्यात शेजारशेजारच्या सिलिंडरच्या भिंती जोडलेल्या, मधून पाणी फिरत नाही. बोअरिंग बार लावताना हात जरा जपून चालतो.

आबा आता रोज येत नाहीत. आले की वही मागतात, चष्मा लावून कालचं रीडिंग बघतात आणि एखाद्या आकड्यावर बोट ठेवतात, 'हे परत घे.' परवा एका 5.9 च्या चौथ्या बोअरवर असंच बोट ठेवलं. पुन्हा मोजला तर दोन शतांश मिलिमीटरचा टेपर (वर आणि खाली मापात फरक) निघाला. त्याचं होनिंग (भिंत घासून सारखी करणं) आज दुपारी करायचंय, आणि मालकाला गाडी दोन दिवस उशिरा मिळेल हे सांगायचा फोन अजून व्हायचाय.