सारायेवोत अव्दो सिद्रानच्या मागावर

मार्च २०२४ मध्ये बोस्नियाचा कवी आणि पटकथाकार अब्दुल्ला सिद्रान गेल्याची बातमी वाचली आणि तेव्हाच ठरवलं की आता त्याच्या सारायेवोला, बोस्नियाच्या राजधानीला, जायचंच. हा माणूस कॉलेजपासून माझ्या डोक्यात आहे. पुण्यात एका फिल्म सोसायटीत 'बाबा कामानिमित्त बाहेरगावी' अशा अर्थाच्या नावाचा १९८५ सालचा युगोस्लाव्ह सिनेमा बघितला होता, फ्रान्सच्या कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च बक्षीस मिळालेला, आणि बाहेर चहाच्या टपरीवर सगळे एमीर कुस्तुरित्साबद्दलच बोलत होते, दिग्दर्शक तोच ना. पटकथा कोणाची हे कोणाच्या तोंडी नव्हतं. ती सिद्रानची. आणि ती गोष्ट बरीचशी त्याच्याच घरातली होती, हे कळलं तेव्हापासून तो सिनेमा मी आधी सिद्रानचा मानतो आणि मग कुस्तुरित्साचा.

सारायेवोत त्याला कोणी अब्दुल्ला म्हणत नाही, अव्दो म्हणतात. मी जिथे उतरलो होतो ते घर बिस्त्रिक नावाच्या मोहल्ल्याच्या चढावर होतं, गल्ली इतकी उभी की बॅग ओढत नेताना दोनदा थांबावं लागलं. घरमालकीणबाई सत्तरीच्या, इंग्रजी अजिबात नाही, त्यांची नात मध्ये बसून सगळं सांगायची. मी सिद्रान म्हटल्याबरोबर बाई उठल्या, तांब्याच्या छोट्या लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी करून आणली, सोबत साखरेचे खडे आणि गुलाबाची मिठाई, आणि त्यानं लिहिलेल्या 'डॉली बेल' सिनेमातल्या बापाची नक्कल करायला लागल्या. नात हसून हसून बेजार. मला तिथेच पटलं की हा कवी पुस्तकातच राहिलेला नाही, लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलाय.

'डॉली बेल आठवते का?' हा १९८१ चा, सिद्रान आणि कुस्तुरित्साचा एकत्र पहिला सिनेमा, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं बक्षीस मिळालेला. साठच्या दशकातलं सारायेवो, एका खोलीत कोंबलेलं कुटुंब, दीनो नावाचा मुलगा, आणि बाप असा की घरातली मीटिंगसुद्धा पार्टीच्या बैठकीसारखी घेतो, मुलगा मिनिट्स लिहितो! बाप कम्युनिझमवर मनापासून विश्वास ठेवणारा, गरीब, दारू पिणारा, तरी लेकरांवर जीव टाकणारा. मोहल्ल्यातली पोरं वाया जाऊ नयेत म्हणून वरून ऑर्डर येते की बँड काढा. मला हे सगळं बघताना परकं वाटतच नाही, कारण सिद्रान त्या बापावर हसत नाही, त्याला न्याय देतो. विचारधारा खोटी पडली तरी माणूस खोटा पडत नाही, हे इतक्या मायेनं फार कमी लोकांनी लिहिलंय.

सिद्रानचा जन्म १९४४ चा. १९४८ च्या जूनमध्ये युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो आणि रशियाचा स्टालिन यांचं फाटलं, आणि काल-परवापर्यंत स्टालिनची तसबीर भिंतीवर लावणं हे निष्ठेचं लक्षण होतं ते एका रात्रीत गुन्हा झालं. १९४९ पासून एड्रियाटिक समुद्रातल्या गोली ओटोक नावाच्या उघड्या खडकाळ बेटावर अशा संशयितांना पाठवायला सुरुवात झाली, दगड फोडायला, काही वर्षांत हजारो माणसं गेली तिथे. सिद्रानचे वडील त्यातले एक. आता 'बाबा कामानिमित्त' सिनेमा आठवा: त्यातला बाप मेशा ट्रेनमध्ये बसलाय, पेपरात एक कार्टून आहे, मार्क्स लिहीत बसलाय आणि त्याच्या मागे भिंतीवर स्टालिनचा फोटो, मेशा सोबतच्या बाईला म्हणतो की हे जरा अतीच झालं. एवढंच. ती बाई ते वाक्य पुढे पोचवते, ते त्याच्या मेहुण्यापर्यंत जातं, आणि मुलांच्या सुंतेचा समारंभ घरात चालू असताना त्याला घेऊन जातात. आई मुलाला सांगते, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. लहानगा मलिक झोपेत चालायला लागतो. मुलाला काय सांगायचं याचा निर्णय त्या आईला कुठल्याही पार्टीनं दिलेला नाही, तो तिनं स्वतः घेतला, आणि सगळा सिनेमा त्या एका खोट्यावर उभा आहे. फोटो, नेते, ठराव हे सगळं मागे, पुढे फक्त जेवणाचं टेबल. सिद्रानचं सगळं लिखाण मला याच टेबलावर बसून केल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली मिल्याट्स्का नदीकाठी आलो. जुनी व्हियेच्नित्सा, म्हणजे ऑस्ट्रो-हंगेरियन काळातली टाउन हॉलची इमारत, १८९६ ची. तिथेच राष्ट्रीय लायब्ररी होती आणि ऑगस्ट १९९२ मध्ये डोंगरावरून डागलेल्या तोफगोळ्यांनी ती जाळली, लाखो पुस्तकं गेली. २०१४ ला दुरुस्त करून पुन्हा उघडली, आतल्या रंगीत काचांचं छत बघून मान दुखते इतकं सुंदर आहे. तिथून ट्राम पकडून पश्चिमेकडे गेलो तर रस्त्यात फुटपाथवर मधूनमधून लाल राळ भरलेले तोफगोळ्याचे खड्डे दिसतात, सारायेवोचे गुलाब म्हणतात त्यांना, जिथे माणसं मेली तिथले. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, बोस्नियाच्या युद्धात १४२५ दिवस सर्ब सैन्यानं शहर वेढलेलं होतं. बिस्त्रिकमधल्या दारूभट्टीच्या, म्हणजे जुन्या ब्रुअरीच्या झऱ्यावर लोक पाण्यासाठी रांग लावायचे, आणि डोंगरावर स्नायपर. घरमालकीणबाईंनी खिडकीतून बोट करून ती जागा दाखवली आणि एवढंच म्हणाल्या की आम्ही पाणी तिथून आणायचो.

सिद्रान तेव्हा शहर सोडून गेला नाही. १९९३ मध्ये वेढ्यातच त्याचा 'सारायेवोचा ताबूत' हा कवितासंग्रह निघाला. त्याआधीची पुस्तकं, १९७० चं 'शाहबाझा', १९७९ ची 'सारायेव्स्का झ्बिर्का', ती शहराच्या गल्ल्यांची, बापाची, आजोबांची. युद्धानंतरच्या कवितांत आवाज बदलतो पण विषय तोच, घर. त्याची 'मोरा' नावाची एक कविता मला पाठ झालीये, इंग्रजीतून वाचली, पण अर्थ असा की आई मुलाला विचारते तू काय करतोयस, तो म्हणतो स्वप्न बघतोय, आणि स्वप्नात गातोय, कशाबद्दल गातोयस तर माझं घर होतं, आता नाही, माझा आवाज होता, भाषा होती, आता नाही, आणि जो आवाज नाही त्या आवाजात, जी भाषा नाही त्या भाषेत, जे घर नाही त्या घराबद्दल मी गातोय, आई. एवढीच कविता. जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आईच्या शांत प्रश्नांनीच घसा दाटतो, मुलाच्या उत्तरांनी नाही.

१९९७ मध्ये दिग्दर्शक अदेमिर केनोविचबरोबर लिहिलेला 'परफेक्ट सर्कल' आला, युद्धानंतर सारायेवोत शूट झालेला पहिला फीचर फिल्म. कवी हम्झा, बायको-मुलगी शहराबाहेर पाठवून एकटा राहिलेला, त्याच्या घरात दोन अनाथ भाऊ येऊन पडतात, त्यातला एक मूक-बधिर. त्यांची मावशी शोधायची तर तीही देश सोडून गेलीये. मुस्तफा नादारेविचनं हम्झा केलाय आणि तो इतका थकलेला दिसतो की अभिनय करतोय असं वाटत नाही. हा सिनेमा त्या पडलेल्या घरांमध्येच शूट झालाय, सेट नाही. कुस्तुरित्साबरोबरची जोडी तोवर तुटली होती, कुस्तुरित्सा बेलग्रेडकडे गेला, दोघांनी एकमेकांबद्दल जाहीर कडवट बोललंय, मला त्यात बाजू घ्यायची तर मी सिद्रानची घेतो, कारण गोळे पडत असताना तो तिथे होता.

तिसरा टप्पा झ्वोर्निक. 'बाबा कामानिमित्त'मध्ये मेशा सुटल्यावर घरचे तिथे त्याच्याकडे राहायला जातात, ते द्रिना नदीकाठचं गाव, आणि सिद्रानचं २००२ सालचं नाटक आहे ज्याच्या नावाचा अर्थच होतो 'झ्वोर्निकमध्ये मी माझं हृदय ठेवून आलो'. सारायेवोतून बस पकडली, रोमानिया नावाचा डोंगर (देश नव्हे) चढून सोकोलात्स, व्लासेनित्सा असं करत साधारण तीन तास. बाहेर देवदारासारखी झाडं, मग उतार, आणि कोन्येविच पोल्येला रस्ता दोन बाजूंना फुटतो, एक झ्वोर्निककडे आणि दुसरा ब्रातुनात्स आणि स्रेब्रेनित्साकडे. नदी खरंच हिरवीगार आहे, पलीकडे सर्बिया, पूल ओलांडला की देश बदलला, वर डोंगरावर जुना किल्ला. सिनेमात मलिकचं पहिलं प्रेम इथेच होतं, रशियन डॉक्टरची आजारी मुलगी. १९९१ च्या जनगणनेत या भागात बोस्नियन मुस्लिम निम्म्याहून जास्त होते, १९९२ च्या एप्रिलमध्ये इथून त्यांना हाकललं, मारलं, मशिदी पाडल्या. मला बस स्टँडजवळ कॉफी देणाऱ्या माणसाला मी सिद्रानबद्दल विचारलं, तो म्हणाला हो, सिनेमा माहितीये, माझ्या वडिलांना आवडायचा, आणि मग काही बोलला नाही. मीही पुढे विचारलं नाही.

परतताना कोन्येविच पोल्येला उतरून स्रेब्रेनित्साकडे वळलो, पोटोचारीचं स्मारक. पांढरे दगड रांगेत, १९९५ च्या जुलैमध्ये ८००० पेक्षा जास्त बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. सिद्राननं इथल्या आयांवर 'सुझे मायकी स्रेब्रेनित्से', स्रेब्रेनित्साच्या आयांचे अश्रू, ही मोठी कविता २००९ मध्ये लिहिली. आणि 'व्हेनिस का बुडतंय' या त्याच्या दुसऱ्या कवितेत तो व्हेनिसच्या आकाशाकडे बघत विचारतो की एक छोटा समाज पृथ्वीवर नसायलाच का पाहिजे, आणि उत्तर नसल्यामुळे व्हेनिस बुडतं, युरोप बुडतो, फुलदाणीतलं फूलसुद्धा बुडतं. युरोपातले लोक त्या कवितेला काय म्हणत असतील माहीत नाही, मला तर ती थेट त्यांनाच विचारल्यासारखी वाटते, आणि प्रश्न अजून तसाच उभा आहे.

कोणी जाणार असेल तर 'डॉली बेल' आणि 'बाबा' दोन्ही घरूनच बघून जा, सबटायटलवाली प्रिंट मिळते, पण 'परफेक्ट सर्कल' मात्र सारायेवो फिरून झाल्यावर बघा. ते शहर आधी चढावांनी पायाला कळलं की हम्झाचा पाण्याचा कॅन किती जड होता हे समजतं, मला तरी तसंच झालं. आणि कविता वाचायच्याच असतील तर 'मोरा'पासून सुरू करा, एका पानाची आहे.